डिझाइनमधली जोखीम आकड्यात मांडावी, की सेफ्टी फॅक्टरच बरा?

रिव्हेट:
माझं मत सरळ सांगतो, अपयशाची शक्यता म्हणून दहाचा उणे पाचवा घात (लाखात एक) रिपोर्टात छापायची पद्धत मला धोकादायक वाटते. नासाचं चॅलेंजर हे स्पेस शटल 1986 ला गेलं, त्याच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी लिहून ठेवलंय की यान गमावण्याची शक्यता मॅनेजमेंट लाखात एक सांगत होतं आणि काम करणारे इंजिनिअर साधारण शंभरात एक. एकाच यानाबद्दल हजारपट फरक! शेवटी शटलची 135 उड्डाणं झाली आणि 2 यानं गेली. त्यापेक्षा सेफ्टी फॅक्टर (क्षमता लोडच्या किती पट ठेवली तो आकडा) बरा, तो निदान खोटी अचूकता तरी दाखवत नाही.

बीटा_वाला:
अहो, पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. इंजिनिअरांचा आकडा खऱ्याच्या जवळ होता, तो ऐकला गेला नाही ही चूक.
आणि फॅक्टर 2 म्हणजे नक्की काय कळलं? समजा सरासरी क्षमता सरासरी लोडच्या दुप्पट आहे, लोडचं व्हेरिएशन (सरासरीभोवतीचा फैलाव) 10 टक्के, दोन्ही नॉर्मल (घंटेच्या आकाराचा कर्व्ह) धरले. क्षमतेचं व्हेरिएशन 5 टक्के असेल तर बीटा (सुरक्षिततेचा निर्देशांक, जितका मोठा तितकी फेल होण्याची शक्यता कमी) 7 येतो, म्हणजे काळजी नाही, आणि तेच 25 टक्के असेल तर बीटा 2 च्या खाली, म्हणजे साधारण 40 त एक फेल. कागदावर दोन्हीकडे फॅक्टर 2च! तुम्ही कोडमधले पार्शल फॅक्टर (लोड आणि मटेरियलसाठी वेगवेगळे सेफ्टी फॅक्टर) वापरता ना, युरोकोडमध्ये (युरोपच्या डिझाइन कोडमध्ये) त्यांच्यामागे नेहमीच्या इमारतींना 50 वर्षांसाठी बीटा 3.8 हेच टार्गेट आहे, म्हणजे प्रॉबेबिलिटी तुम्ही वापरताच, फक्त दिसत नाही.

रिव्हेट:
बीटा 7 कुणी मोजलाय हो? वीसतीस नमुने टेस्ट केले की सरासरी कळते, फैलाव बऱ्यापैकी कळतो, पण कर्व्हच्या टोकाला काय आहे ते कळत नाही, तिथे तुम्ही नॉर्मल धरलंत म्हणून तो आकडा आला, लॉगनॉर्मल (वेगळ्या आकाराचा कर्व्ह) धरा, दुसरा येईल. आणि मॉडेलमध्येच नसलेल्या गोष्टींचं काय? अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल 1940 मध्ये ताशी 70 किमीच्याही आतल्या वाऱ्यात पडला, कारण वारा फक्त स्थिर दाब म्हणून धरला होता, डेक पिळवटेल हा विचारच नव्हता. तिथे मोंटे कार्लोचे (इनपुट यादृच्छिक बदलून तेच गणित पुन्हापुन्हा करण्याच्या पद्धतीचे) दहा लाख रन घेतले असते तरी सगळे पास झाले असते.

पूररेषा:
मी धरणं-पुलांच्या हायड्रॉलिक्समध्ये काम करते, आमच्याकडे आकड्याशिवाय बोलताच येत नाही. 100 वर्षांचा पूर म्हटलं की लोकांना वाटतं आता शंभर वर्षं निवांत. खरं म्हणजे दर वर्षी 1 टक्का शक्यता, आणि पुलाचं आयुष्य 50 वर्षं धरलं तर त्या काळात एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता 39 टक्के. हे सांगितल्यावर मीटिंगमधला सूर बदलतो, पूल उंच घ्यायचा का यावर खरी चर्चा सुरू होते.
पण रिव्हेट म्हणतात तेही मला पटतं, निसर्गाचा लहरीपणा वेगळा आणि आपलं अज्ञान वेगळं. दुसरं जास्त बोअरहोल घेऊन, जास्त वर्षांच्या नोंदी मिळवून कमी होतं, पहिलं होत नाही. दोन्ही एकाच आकड्यात कालवले की पैसा कुठे घालायचा तेच कळत नाही. म्हणून मी एक आकडा कधीच देत नाही, पट्टा देते.

बीटा_वाला:
पट्ट्याला माझी ना नाही. टॅकोमाचंही मान्य, पण तिथे सेफ्टी फॅक्टरने तरी कुठे वाचवलं? मॉडेल चुकलं की दोन्ही पद्धती सारख्याच आंधळ्या. माझा आकडा भविष्य सांगायला नाहीच, दोन पर्यायांत कुठला जास्त सुरक्षित आणि कुठल्या इनपुटने उत्तर सर्वात जास्त हलतं ते शोधायला आहे, आणि हे फॅक्टर कधीच सांगत नाही.

रिव्हेट:
तुलनेसाठी वापरा, माझी हरकत नाही. हरकत पुढच्या पायरीला आहे, तोच आकडा क्लायंटच्या पहिल्या पानावर एकटा जातो, वितरण कुठलं धरलं, नमुने किती होते, काय वगळलं हे सगळं परिशिष्टात राहतं आणि ते कुणी उघडत नाही. या तीन गोष्टी आकड्याच्या शेजारी, त्याच ओळीत लिहायला तयार असाल तर मी सही करतो, नाहीतर नाही.