अनुभव धागा: घराण्यानं धर्म बदलला, देवांचं काय झालं?

शेवंती: काल मंडईत मोगऱ्याचा गजरा घेतला आणि आजी आठवली. आजोळ गोव्यात, बार्देशातलं. ईस्टरनंतर म्हापशात मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त (जत्रा) असतं, आजी दरवर्षी तेल घेऊन चर्चमध्ये जायची. वैशाखात पंचमीला शिरगावला लईराई देवीकडे. लईराई धरून सात बहिणी, त्यातली मिराबाई ती मिलाग्रीस, असं ती सांगायची. मी एकदा विचारलं, "म्हणजे ती बाटली?" आजी म्हणाली, "बाटली पिशवीत आहे गं." मग लक्षात आल्यावर पाठीत धपाटा.
मामा धोंड होता, म्हणजे लईराईचा व्रतकरी. निखाऱ्यांवरून चालून आला की आजी त्याचे तळवे उलटे करून बघायची. भाजलं असेल तर व्रतात चूक! मग गुपचूप म्हापशाचं तेल लावायची.
तुमच्याकडचं लिहा.

वसईकर: आमच्यात लग्नाला वाजतगाजत उंबराचं पाणी आणतात. विहिरीवरून. उंबर कुठाय म्हणून मामींना विचारलं तर म्हणे, आणायचं असतं. बाकी नंतर, कुकर लागलाय.

खादाड: फेस्ताला खाजं मिळतं का अजून? आलं घातलेलं?

शेवंती: मिळतं. कुरियर करणार नाही 😀

तांबडी माती: आम्ही कुंकळ्ळीचे. पोर्तुगीजांच्या काळात आमची देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली, पण फाल्गुनात तिच्या छत्र्या मिरवत गावात येतात. बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा. त्या वांगडांतली ख्रिस्ती घरंसुद्धा असतात. 1583 मध्ये इथे पाच पाद्री मारले गेले, मग गावकऱ्यांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापलं. एवढं होऊनही छत्री सुटली नाही. शेजारचे अंकल रजा टाकून येतात, गुलालाने ओळखू येत नाहीत. आंटी शर्ट बाहेरच काढायला लावते.

निळाई: आमचं वेगळंय. आमचे देव कुणी पळवले नाहीत, आम्हीच सोडले. 14 ऑक्टोबर 1956 ला आजोबा दीक्षाभूमीवर होते. घरी येऊन देव्हाऱ्यातले टाक, मरीआई, सगळं परातीत घालून नदीत. आजी हो म्हणाली, पण महिनाभर तिला झोप नाही. कोप होईल म्हणून. आणि तान्ह्याला ताप आलाच. बाया दारात, देवी परत आणा म्हणून. आजीनं पोर पदरात गुंडाळलं न् दवाखाना गाठला. ते पोर म्हणजे माझे बाबा. शुगर सोडली तर ठणठणीत आहेत. परात आईकडे आहे, पुरणपोळीची कणीक तिच्यातच मळते.

खादाड: मग शुगर हाच कोप 😄

निळाई: तो जिलबीचा. देवीचा काही संबंध नाही.

शेवंती: आजीला माझा जयभीम सांग.

निळाई: ती गेली गं, चार वर्षं झाली. आईला सांगते.

वसईकर: झाला कुकर. मामींना परत फोन केला. विहिरीला लागून उंबर होता म्हणे, रस्ता रुंद करताना गेला. आता तिथे रिक्षा लागतात.