मदत हवी आहे: रिटायरमेंटसाठी उबदार शहर बघायला कधी जावं?
थंडीत दोघांचेही सांधे आखडतात म्हणून रिटायर झाल्यावर उबदार हवेच्या शहरात जावं असं चाललंय, त्याआधी एक चक्कर मारून अंदाज घ्यायचाय. सगळे म्हणतात हिवाळ्यात जा, पण मला वाटतं ऐन उन्हाळ्यातच जावं, कारण दमट हवेत घाम वाळत नाही मग अंग थंड कसं होणार, त्यात वय वाढलं की तहानही कमी जाणवते, आणि ह्यांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे ती वेगळीच. दाट सिमेंटच्या वस्तीत तर रात्रीही गारवा येत नाही. कोणी असं शहर पारखलंय का? हॉस्पिटल, पायी फिरणं, लाईट जाणं, नक्की काय काय बघितलंत? आधी भाड्याने राहिलात का? आमचे हे थेट फ्लॅट घ्यायच्या मूडमध्ये आहेत, त्यांना कसं थांबवू तेही सांगा 😅