मदत हवी आहे: आर्जिनिनची टेस्ट आणि आर्जिनिनची पावडर, दोन्ही एकच का?

मुलगा ११ वर्षांचा, उंची १२८ सेंमी, वर्षभरात जेमतेम ३ सेंमी वाढलाय, आणि आता वर्गाच्या फोटोला उभंच राहायचं नाही म्हणतो. आम्ही ठाण्यात, कासारवडवलीला राहतो. डाव्या हाताच्या एक्सरेत हाडांचं वय ९ आलं, थायरॉईड नॉर्मल. आता डॉक्टरांनी ग्रोथ हार्मोनची टेस्ट सांगितलीय, उपाशीपोटी न्यायचं, अर्धा तास सलाईनमधून आर्जिनिन (प्रोटीनमधला एक घटक, अमिनो आम्ल) देणार आणि मग थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत राहणार. ओपीडीत एवढी गर्दी होती की पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

सोसायटीच्या जिमचा ट्रेनर म्हणतो टेस्टला कशाला पैसे घालवता, तेच आर्जिनिन पावडरमध्ये मिळतं, रात्री दुधातून द्या. सासूबाई म्हणतात शेंगदाण्यात पण असतं ना, मी लाडू करते. मला एवढंच कळत नाहीये की ड्रिपने हार्मोन वाढतं तर पावडरने का नाही वाढणार? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, झोप लागत नाहीये.

प्रतिसाद:
ताई, आमच्या मुलीची हीच टेस्ट झालीय. मेंदूत सोमॅटोस्टॅटिन नावाचा ब्रेक असतो, आर्जिनिन तो ब्रेक सैल करतं, मग पिट्यूटरीत (मेंदूखालची छोटी ग्रंथी) साठलेलं ग्रोथ हार्मोन रक्तात येतं. म्हणजे ग्रंथीत माल आहे का ते बघायचं, बस, तो उपचार नाही, थोड्या वेळाने लेव्हल परत खाली येते. डोस वजनावर असतो, किलोला अर्धा ग्रॅम, जास्तीत जास्त ३० ग्रॅम, आणि तो थेट शिरेत. तोंडाने घेतलं की बरंचसं आतड्यात आणि लिव्हरमध्येच संपतं. मोठ्या माणसांना ५ ते ९ ग्रॅमने थोडंफार वाढतं, त्याच्या वर गेलं की पोट बिघडतं. व्यायामाने हार्मोन त्याहून जास्त वाढतं, गाढ झोपेत तर वाढतंच. पावडर अजिबात देऊ नका. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३ ग्रॅम आर्जिनिन असतं, लाडू खुशाल करा, पण उंचीचं औषध म्हणून नको. टेस्ट मात्र टाळू नका, उंची वाढायचं वय निघून जातं.

खूप खूप थँक्यू. पावडरचा डबा आणून ठेवलेला, तो उद्याच परत करते आणि टेस्टची तारीख घेते. फक्त एक सांगा, दर वेळी सुई टोचतात का हो? तो सुईला फार घाबरतो.

नाही ताई, कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावून ठेवतात, सगळी सॅम्पलं त्यातूनच काढतात. दोन-तीन तास जातात, त्याचं आवडीचं पुस्तक घेऊन जा आणि टेस्ट झाल्यावर लगेच खायला डबा.