मदत हवी आहे: एकटी राहिली की कुत्री रडते, सराव 12 मिनिटांवर अडकलाय

आमची ठमी देशी कुत्री, वय साधारण 3 वर्षं, नसबंदी आणि सगळं लसीकरण झालेलं. पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर वन बीएचके. जूनपासून माझं आठवड्यातले 3 दिवस ऑफिस सुरू झालं. तेव्हापासून दार लागलं की ती रडते, चौकट ओरबाडते.

डॉक्टरांनी तपासलं, दुखणं काही नाही. सकाळी 45 मिनिटं फिरवतो. दही गोठवलेलं रबरी खेळणं ठेवलं, तर मी गेल्यावर त्याला तोंड लावत नाही. परत आलो की लगेच चाटायला लागते. म्हणजे हा कंटाळा नाही, भीती आहे असं मला वाटतं. चाव्या उचलून पुन्हा बसणं, दाराबाहेर थोडं थांबून परत येणं हा सराव रोज करतो, कॅमेऱ्यात बघत. ती न रडता एकटी राहण्याची वेळ दोन आठवड्यांत 10 मिनिटांवरून जेमतेम 12 वर आली.

पिंजऱ्यात ती धापा टाकते, लाळ गळते, म्हणून तो उपाय नको. धक्का देणारा पट्टा तर अजिबात नको. सोसायटीची आडकाठी नाही. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं सांगणाऱ्या 2015च्या प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना कमिटीला माहीत आहेत. पण शेजारच्या आजारी आजींची दुपारची झोप मोडते, त्याचं फार वाईट वाटतं.

ज्यांनी यातून कुत्र्याला बाहेर काढलंय त्यांना विचारायचंय: 12 मिनिटांच्या पुढे कसे गेलात? आणि ऑफिसच्या दिवशी तिला जास्त वेळ एकटं सोडावं लागलं, तर बाकीच्या दिवसांचा सराव वाया जातो का?