‘डॉकर होस्ट’ची ओळ बॅशआरसीमध्ये कायमची ठेवावी का?

काळा_पडदा (धागाकर्ता):
दूरच्या सर्व्हरवरील डॉकरचे कंटेनर (प्रोग्रॅम वेगवेगळे चालवण्याचे बंदिस्त डबे) आपल्या टर्मिनलमधून हाताळायचे असतील, तर ‘डॉकर होस्ट’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या नामांकित मूल्यात) त्या सर्व्हरचा पत्ता एक्स्पोर्ट करावा, म्हणजे पुढच्या आज्ञांना दिसेल असा ठेवावा, आणि रोजची कटकट नको म्हणून ती ओळ बॅशआरसी या, नवे टर्मिनल उघडताच आपोआप चालणाऱ्या फाइलीत लिहून ठेवावी, असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. माझ्या मते हा सल्ला घातक आहे. चाचणीपुरती लिहिलेली अशीच एक ओळ पुसायची माझ्याकडून राहून गेली. आपण लॅपटॉपवरचाच पसारा आवरतो आहोत अशा समजुतीने मी ‘डॉकर कम्पोज डाउन’ ही प्रकल्पाचे सगळे कंटेनर बंद करून काढणारी आज्ञा व्हॉल्यूमही (कंटेनरचा डेटा साठवण्याची जागाही) काढून टाकण्याच्या पर्यायासह दिली. कम्पोज प्रकल्पाचे नाव फोल्डरवरून घेते आणि फोल्डर दोन्हीकडे एकाच नावाचे होते, त्यामुळे सर्व्हरवरील डेटाबेसचा व्हॉल्यूम गेला. पडद्यावर ‘रिमूव्ह्ड’, ‘रिमूव्ह्ड’ असे शब्द एकाखाली एक उमटत होते, मात्र हे कोणत्या यंत्रावर घडते आहे याचा त्यांत मागमूस नव्हता.

२०१९ मध्ये आलेल्या १९.०३ या आवृत्तीपासून डॉकरमध्ये ‘कॉन्टेक्स्ट’ची सोय आहे. प्रत्येक सर्व्हरला नाव द्यावे आणि हवे तेव्हा त्यावर जावे. मग व्हेरिएबल हवेच कशाला?

एक_ओळ_कमी:
आपले नुकसान झाले याचे वाईट वाटते, पण निष्कर्ष पटला नाही. ‘डॉकर कॉन्टेक्स्ट यूज’ ही आज्ञा आपली निवड होम फोल्डरमधील डॉकरच्या कॉन्फिग फाइलीत लिहिते, म्हणजे ती त्या खात्याच्या सगळ्या टर्मिनलना एकदम लागू होते. सकाळी एका खिडकीत सर्व्हर निवडला आणि दुपारी दुसऱ्याच खिडकीत सफाईला बसलो, तर आपल्यावर ओढवला तोच प्रसंग पुन्हा ओढवेल. याउलट हाताने एक्स्पोर्ट केलेले व्हेरिएबल त्या शेलपुरते (त्या खिडकीतल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमपुरते) आणि त्याच्या पोटातील प्रोसेसपुरतेच जगते. खिडकी मिटली की तेही गेले. दोष एक्स्पोर्टचा नाही, बॅशआरसीचा आहे. आपण दोघांना एकाच माळेत ओवले आहे.

काळा_पडदा:
हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. कॉन्टेक्स्ट सगळ्या खिडक्यांत एकदम बदलतो हे मी मूळ लेखनात गाळले. तरीही ‘यूज’ न करता प्रत्येक आज्ञेला कॉन्टेक्स्टचे नाव जोडता येते, आणि तेव्हा आपण कुठे हात घालतो आहोत हे त्याच ओळीत लिहिलेले असते. टंकायला चार अक्षरे जास्त लागतील, तर लागोत.

जुना_प्रशासक:
आज्ञेपुढे व्हेरिएबल लिहूनही नेमके तेच साधते. ‘डॉकर होस्ट’, बरोबरचे चिन्ह आणि पत्ता असे लिहून त्याच ओळीत पुढे आज्ञा द्यावी. ते मूल्य तेवढ्या एका आज्ञेलाच मिळते आणि शेलमध्ये मागे काही उरत नाही. वाद कॉन्टेक्स्ट की व्हेरिएबल असा नाहीच मुळी.

खरी मेख दोन्ही एकत्र वापरण्यात आहे. ‘डॉकर होस्ट’ लावलेले असेल, तर डॉकर निवडलेल्या कॉन्टेक्स्टकडे पाहतच नाही. ‘यूज’ करताना तशी सूचना दिसते, पण ती वाचतो कोण? प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टंकण्याच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुरात) चालू कॉन्टेक्स्ट दाखवण्याची व्यवस्था अनेकांनी केलेली असते. अशा वेळी तिथे ‘डिफॉल्ट’ असे निरागस नाव झळकते आणि काम मात्र सर्व्हरवर चालते. म्हणून माझ्या प्रॉम्प्टमध्ये मी कॉन्टेक्स्टऐवजी ते व्हेरिएबलच तपासतो आणि ते रिकामे नसेल तर पत्ता लाल रंगात दाखवतो.

नवा_शिकाऊ:
मिनीक्यूबमध्ये (आपल्याच यंत्रावर कंटेनरांचा छोटा समूह चालवणाऱ्या साधनात) तर अधिकृत मार्गच असा आहे, की त्याच्या ‘डॉकर एन्व्ह’ या आज्ञेने छापलेल्या एक्स्पोर्टच्या ओळी ‘इव्हॅल’ला द्यायच्या, म्हणजे शेल त्या आज्ञा म्हणून चालवतो. तेथे एक्स्पोर्ट टाळणार कसे?

जुना_प्रशासक:
टाळू नये, फक्त कंसातल्या सबशेलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वेगळ्या शेलमध्ये, करावे. गोल कंस संपला की सगळी व्हेरिएबल्स आपोआप जातात. आधीच केले असेल, तर ‘अनसेट’चा पर्याय देऊन तीच आज्ञा पुन्हा ‘इव्हॅल’ करावी. नुसते ‘डॉकर होस्ट’ काढल्यास टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) आणि सर्टिफिकेटच्या फोल्डरची व्हेरिएबल्स तशीच राहतात आणि पुढची जोडणी का होत नाही हे शोधण्यात तास जातो.

एक_ओळ_कमी:
सबशेल उत्तम. मात्र प्रत्येक आज्ञेला नाव जोडण्याचा आग्रह दिवसभर एकाच चाचणी सर्व्हरवर काम करणाऱ्याने का पाळावा, हे मला अजून पटलेले नाही. ती शिस्त आठवडाभर टिकते, मग माणूस एलियस (लांब आज्ञेचे छोटे टोपणनाव) करतो आणि तो एलियस जातो कुठे, तर बॅशआरसीतच.

काळा_पडदा:
चाचणी सर्व्हरपुरता एलियस मी चालवून घेईन, पण त्याचे नाव ‘डॉकर’ नसावे. ज्या सर्व्हरवर लोकांचा डेटा आहे, त्याचा पत्ता माझ्या बॅशआरसीत पुन्हा येणार नाही. ती ओळ मी काल पुसली. व्हॉल्यूम बॅकअपमधून परत आला, मधल्या दोन दिवसांच्या नोंदी सोडून.