दुसरा राउटर जोडल्यापासून घरातले दोन संगणक एकमेकांना दिसत नाहीत

प्रश्न
इंटरनेटची जोडणी एकच असून तिचा राउटर बाहेरच्या खोलीत आहे. आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नसल्यामुळे तिथे केबल नेऊन दुसरा राउटर बसवला. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालते. परंतु बाहेरच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर आतल्या संगणकाच्या यादीत येत नाही आणि आतल्या संगणकावरचे शेअर केलेले फोल्डर बाहेरून उघडत नाही. बाहेरच्याचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५ आणि आतल्याचा १९२.१६८.०.१०० असा दिसतो. काय बदलावे?

उत्तर १
तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दोन पत्त्यांतच आहे. त्यांतला तिसरा आकडा वेगळा आहे, म्हणजे घरात दोन स्वतंत्र नेटवर्क तयार झाली आहेत. केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लावायच्या जागी) असणार. त्यामुळे तो आपल्या मागच्या संगणकांना स्वतःच पत्ते वाटतो आणि बाहेरून सुरू झालेली जोडणी आत येऊ देत नाही. इंटरनेट मात्र चालते, कारण तिथे मागणी आतून जाते आणि राउटर तिचे उत्तर बरोबर परत पोहोचवतो.

आतल्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ (स्वतः पत्ते न वाटता फक्त पहिल्या राउटरचे नेटवर्क पुढे नेणे) हा पर्याय असेल, तर तो निवडणे सर्वांत सोपे. नसेल, तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा, म्हणजे पहिला राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा ठेवा, मग त्याचे डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि शेवटी केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये (घरातले संगणक जोडायच्या जागी) लावा. हा क्रम कृपया पाळावा. केबल आधी हलवली, तर एकाच नेटवर्कवर दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि चालू असलेले इंटरनेटही अडखळते.

उत्तर २
दुसरा राउटर काढून विंडोजच्या इंटरनेट शेअरिंगने (एका संगणकातून दुसऱ्याला इंटरनेट देण्याच्या सोयीने) काम भागवावे, असा सल्ला कोणी दिल्यास तो टाळावा. त्यातही १९२.१६८.१३७.१ पासून वेगळेच नेटवर्क तयार होते, शिवाय पहिला संगणक बंद केला की दुसऱ्याचे इंटरनेट जाते.

उत्तर ३
पहिल्या उत्तराशी सहमत आहे. बदल केल्यावर दोन्ही संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, म्हणजे ते नवे पत्ते घेतील. केबलचा वेगही एकदा तपासावा, असे सुचवतो. दोन्ही राउटरचे पोर्ट गिगाबिटचे (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे) असूनही जोडणी १०० एमबीपीएसवरच (सेकंदाला १०० मेगाबिट) अडकली असेल, तर बहुतेक वेळा टोकाच्या प्लगमधली एखादी तार नीट बसलेली नसते. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. त्यामुळे इंटरनेट चालू राहते आणि दोष लक्षात येत नाही.

प्रश्नकर्ता
आतल्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’चा पर्याय नव्हता, म्हणून दुसरी पद्धत सांगितलेल्या क्रमाने केली. आतला संगणक आता १९२.१६८.१.७ दाखवतो, प्रिंटर यादीत आला आहे आणि फोल्डरही उघडते. सर्वांचे मनापासून आभार.