सेलिब्रंटपुढे लागलेलं लग्न कच्चं कसं?

यारा काठची
दिनकरकाकांनी काल लिहिलंय: "मित्राच्या मुलीचं मेलबर्नला लग्न झालं, व्हिडिओवर पाहिलं. सूट घातलेली एक बाई आली, तिने कागद वाचला, सह्या घेतल्या, संपलं. पैसे देऊन बोलावलेली बाई लग्न लावते, ना कचेरी ना चौकशी. पळून जाणाऱ्यांची सोय आहे ही. असलं लग्न कच्चंच."

दोन ओळींत उत्तर देऊन सोडणार होते, पण 'कच्चं' हा शब्द डोक्यातून जाईना. माझंही लग्न असंच लागलंय, गेल्या मार्चमध्ये, मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात, भाड्याच्या घराच्या मागच्या अंगणात.

काका, ती बाई रस्त्यावरून धरून आणलेली नसते. ऑस्ट्रेलियात १९६१चा विवाह कायदा आहे आणि सरकारमान्य सेलिब्रंटलाच, म्हणजे लग्न लावायचा अधिकार असलेल्या माणसालाच, लग्न लावता येतं. लग्नाच्या किमान एक महिना आधी तिच्याकडे नोटिशीचा फॉर्म द्यावा लागतो. तो १८ महिने चालतो, त्यानंतर नवा. जन्मतारीख आणि जन्मठिकाण दाखवायला जन्मदाखला नाहीतर पासपोर्ट. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा आदेश किंवा जोडीदाराचा मृत्यूचा दाखला. हे कागद तिने पाहिल्याशिवाय लग्न लावता येत नाही. लग्नाला कायद्याची काही आडकाठी नाही असं दोघांनी लिहून सही करायची. अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार लागतात. नंतर १४ दिवसांत तिने सगळे कागद राज्याच्या नोंदणी कचेरीला पाठवायचे. कचेरी आहे काका, फक्त ती लग्नानंतर येते.

आणि चौकशी. फेब्रुवारीत ती आमच्या घरी आली. सांगलीहून आई आलेली होती, तिने पोहे केले होते. सेलिब्रंटने चार घास खाल्ले, मग आईला अगदी नम्रपणे सांगितलं की मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय. नवऱ्यालाही बाहेर पाठवलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं. मला विचारलं, "हे लग्न तू ठरवलंस की तुझ्यासाठी दुसऱ्या कुणी ठरवलं? तुला आत्ता 'नको' म्हणायचं असेल तर मी बाहेर जाऊन काहीही कारण सांगेन, तुझं नाव येणार नाही." माझं लग्न माझ्या पसंतीचं होतं, तरी माझे डोळे भरून आले. २९ वर्षांत हा प्रश्न मला असा समोर बसून कुणी विचारला नव्हता. २०२४ पासून दोघांना असं वेगवेगळं, प्रत्यक्ष भेटणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे.

आता सांगा, आपल्या किती मंगल कार्यालयांत नवरीला हे विचारलं जातं?

दिनकर, अहिल्यानगर
ताई, तुम्ही कायदा छान समजावलात. पण तुमच्याच लिहिण्यात माझा मुद्दा आलाय. मुलीच्या आईला, तीही सांगलीहून आलेल्या बाईला, तिच्याच पोह्यांच्या बशीवरून उठवून बाहेर घालवलं! आम्ही मुलीला जबरदस्तीने उभी करू असा संशय आमच्यावर का? माझ्या घरी असं झालं असतं तर मी त्या बाईला दारातूनच परत पाठवलं असतं. लग्न दोन घरांचं असतं. तिथे आई परकी आणि ती बाई आपली?

यारा काठची
आईला वाईट वाटलंच. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना म्हणाली, "मला असं कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे." तेवढंच. पुढे मी विचारलं नाही. काका, संशय तुमच्यावर नाही. पण ज्या घरात जबरदस्ती असते तिथेही आईवडील असंच म्हणतात की आमच्यावर संशय का. सक्तीचं लग्न लावणं तिकडे २०१३ पासून गुन्हा आहे. दार लोटल्याशिवाय तो कळणार कसा?

परामट्टा पाटील
माझ्या चुलतभावाची गोष्ट ऐका, म्हणजे कच्चं कुठलं ते कळेल. सिडनीत हॉल घेतला, गुरुजी बोलावले, तीनशे माणूस जेवलं. होम, सप्तपदी, कन्यादान, काही राहिलं नाही. गुरुजी सरकारमान्य सेलिब्रंट नव्हते, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं. नोटिशीचा फॉर्म कुणी भरला नव्हता. सगळ्यांच्या डोक्यात एकच, "नंतर जाऊन रजिस्टर करू." इथे 'नंतर रजिस्टर' हा प्रकारच नाही! व्हिसाच्या वेळी कळलं की कायद्याच्या लेखी यांचं लग्नच झालेलं नाही. मग महिनाभर आधी नोटीस देऊन, एका मंगळवारी संध्याकाळी, सेलिब्रंटच्या घरच्या बैठकीच्या खोलीत चार माणसांत पुन्हा लग्न. दाखल्यावर तीच मंगळवारची तारीख. वहिनी अजून लग्नाचा वाढदिवस मांडवाच्या तारखेला करते आणि सरकारी फॉर्मवर दुसरी तारीख लिहिताना दर वेळी हात थांबतो म्हणते. काही गुरुजी मान्यताप्राप्त आहेत, त्यांच्याकडूनच करा किंवा सेलिब्रंट सोबत ठेवा. आणि ती लग्नाच्या दिवशी देते त्या शोभेच्या दाखल्यावर पासपोर्ट होत नाही, नोंदणी कचेरीतून खरा दाखला मागवा.

कोर्टाच्या पायरीवरून
वकील आहे, कोल्हापुरात. पाटलांचा अनुभव आपल्या कायद्याच्या नेमका उलट आहे, म्हणूनच माणसं फसतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे लग्न विधीने होतं, नोंदणी हा पुरावा. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विधी न करता नुसता दाखला काढला तर ते हिंदू लग्न नाही. तिकडे विधी कितीही करा, अधिकृत माणसाने लावल्याशिवाय लग्न नाही. दिनकररावांनी मांडवाचा मापदंड तिकडे लावला, म्हणून ते कच्चं वाटलं.

पण यारा ताई, महिन्याच्या नोटिशीचं एवढं कौतुक कशाला? आपल्या १९५४च्या विशेष विवाह कायद्यातही, म्हणजे धर्म न बघता नोंदणीने लग्न लावायच्या कायद्यातही, ३० दिवसांची नोटीस आहेच. शिवाय तीन साक्षीदार, तुमच्यापेक्षा एक जास्त.

सातपुड्याची
वकीलसाहेब, ती नोटीस आणि ही नोटीस एक म्हणू नका. हात जोडून सांगते.

तो ख्रिस्ती, मी मराठा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली. कायदा म्हणतो म्हणून ती बाहेरच्या फलकावर चिकटवली. नाव, वय, राहण्याचा पत्ता, सगळं. फलकाला काच होती, काचेला कुलूप होतं, पण वाचायला काय किल्ली लागते? तिसऱ्या दिवशी त्याच आवारात सातबाऱ्याला आलेल्या आमच्या गावच्या माणसाने फोटो काढला. संध्याकाळी वडिलांच्या फोनवर. रात्री काका चार माणसं घेऊन माझ्या खोलीवर. पुढचे साडेतीन महिने मी मावशीच्या गावी, फोन नाही, दाराला बाहेरून कडी. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती बाद होते, तशी आमची झाली. मग दुसरा जिल्हा गाठला, दोघांपैकी एकाने तिथे ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, म्हणून त्याने खोली घेतली, पुन्हा नोटीस, पुन्हा फलक. ते ३० दिवस कसे काढले ते मला लिहिता येत नाही.

ताईंची नोटीस सेलिब्रंटच्या फाइलमध्ये राहिली. माझी भिंतीवर लागली. फरक एवढाच आहे, आणि तो जिवावरचा आहे.

शिरीष ठाणेकर
तुमच्यावर गुजरलं ते वाईटच. पण फलक काढा असं म्हणणाऱ्यांनी माझंही ऐका. २००९, माझी धाकटी बहीण. मुलगा कंपनीत, बोलायला गोड, आम्ही सगळे राजी. त्याचाच आग्रह, नोंदणी लग्न करू, खर्च नको. नोटीस लागली. अठराव्या दिवशी एक बाई दोन मुलांना घेऊन कचेरीत आली. धाकटा कडेवर. त्याची पहिली बायको. घटस्फोट झालेलाच नव्हता. तो फलक नसता तर माझी बहीण आज कुठे असती? तुम्हाला काका दिसतात, मला ती बाई दिसते.

सातपुड्याची
मग त्या बाईसाठी माझा पत्ता कशाला हवा होता? आक्षेप कशावर घेता येतो ते कायद्यात लिहिलंय: जिवंत जोडीदार, वय, मनाची अवस्था, निषिद्ध नातं. त्यात जात नाही, धर्म नाही, 'आईबापाला पसंत नाही' तर नाहीच. पण माझ्या काकांना आक्षेप नोंदवायचाच नव्हता. त्यांना फक्त पत्ता हवा होता, तो सरकारने दिला.

शिरीष ठाणेकर
सरकारने नाही, गावच्या माणसाने दिला. दोष माणसाचा आहे. उद्या कुणी फोनच्या डिरेक्टरीतून पत्ता काढला तर डिरेक्टरी जाळणार का?

सातपुड्याची
तुम्ही साडेतीन महिने कडीच्या आत राहून दाखवा, मग डिरेक्टरीचं बोला.

कोर्टाच्या पायरीवरून
दोघेही सबुरीने घ्या. नोंद असू द्या: अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर असावं. पण आपल्याकडे गेल्या वर्षी माझ्या अशिलाची नोटीस फलकावर लागलीच. उलट डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरधर्मीय लग्नांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली. सातपुड्याच्या ताई, मी 'तीच नोटीस' म्हणालो ते चुकलं. मागे घेतो.

यारा काठची
शिरीषदादा, तुमच्या बहिणीचा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. तिकडे दुसरं लग्न अडवायचं ते कागदावर: घटस्फोटाचा आदेश समोर हवा, आणि खोटं लिहून दिलंत तर गुन्हा, दुबार लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद. पण माणूस "मी अविवाहित" म्हणून खोटं बोलला आणि त्याचं पहिलं लग्न दुसऱ्या देशात झालं असेल, तर ते सेलिब्रंटला कळेलच असं नाही. हे मला मान्य करावं लागतं. शिक्षा नंतर होते, फसगत आधी होऊन जाते.

शिरीष ठाणेकर
एवढं मान्य केलंत, बरं वाटलं. मग मीही एक पाऊल मागे येतो. पत्ता नको. नाव, वय, फोटो ठेवा, पण पत्ता फलकावर नको. याच्यापुढे नाही.

सातपुड्याची
आमच्या तालुक्यात आडनाव आणि फोटो पुरतो. पण असो, पत्त्यावर तरी एकमत झालं.

जुन्नरकर
मूळ मुद्दा राहिलाच. दिनकरराव म्हणतात पैसे देऊन बोलावलेल्या बाईने लावलेलं लग्न कसलं. आमच्या घरात चार पिढ्या सत्यशोधक पद्धतीने लग्नं लागतात, भटजीशिवाय. जोतीरावांच्या समाजाने पहिलं असं लग्न १८७३ साली लावलं, तेव्हाही लोक हेच म्हणाले होते, हे कच्चं, हे खोटं. ऑस्ट्रेलियात लायोनेल मर्फी या मंत्र्याने पहिली सिव्हिल सेलिब्रंट नेमली ती १९७३ साली. बरोबर शंभर वर्षांनी. तिकडे त्याआधी चर्च नाहीतर सरकारी कचेरी एवढीच वाट होती. आपल्या मातीत जे आधी झालंय त्याला 'तिकडचं' म्हणू नका.

परामट्टा पाटील
जुन्नरकर, १८७३ ला कायद्याचे कागद होते का पण? भावना आणि दाखला यात फरक आहे, माझ्या भावाला विचारा.

जुन्नरकर
दाखल्याचं मी बोललोच नाही. लग्न कोण लावतं याने लग्न खोटं ठरत नाही, एवढंच म्हणालो.

दिनकर, अहिल्यानगर
सगळं वाचलं. दोनदा वाचलं. 'चौकशी नाही' हे मी चुकीचं लिहिलं, ते काढून टाकतो. 'कच्चं' हेही काढतो, पाटलांचं ऐकून कुणीही काढेल.

आता खरं सांगतो, तो व्हिडिओ मित्राच्या मुलीचाच होता, पण माझी धाकटी डिसेंबरमध्ये तशीच करणार आहे. जिलॉन्गला. मला तिने महिन्यापूर्वी सांगितलं. घरात कुणाला अजून सांगितलेलं नाही, इथे लिहिलं. सध्या ती इथे नगरलाच आहे, परत जायला सहा आठवडे आहेत. तो नोटिशीचा फॉर्म ती इथून भरू शकते का? इथे कुणापुढे सही करायची?

आईला बाहेर काढणं मात्र मला पटलेलं नाही. ते मी लिहूनच ठेवतो.

यारा काठची
भरू शकते काका. तिथे राहण्याची अट नाही, परदेशातूनही देता येतो. भारतातल्या ऑस्ट्रेलियन दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर नाहीतर भारतातल्याच नोटरीसमोर सही चालते. त्याहून सोपं, २०२४ पासून सेलिब्रंटला व्हिडिओवर सही पाहून साक्ष करता येते, तिलाच विचारा. पासपोर्ट दोघांचा जवळ ठेवा. महिना लग्नाच्या तारखेपासून मागे मोजा, सेलिब्रंटच्या हाती फॉर्म पडल्याची तारीख धरून.

वेगळी भेट मात्र प्रत्यक्षच होते, व्हिडिओवर नाही. तेव्हा काकूंना आधीच सांगून ठेवा. आमच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिला जास्त लागलं.

दिनकर, अहिल्यानगर
हिला सांगतो. साक्षीदार दोन म्हणालात ना? वडील चालतात का साक्षीदार म्हणून?

यारा काठची
चालतात. अठरा वर्षांवरचं कुणीही चालतं. माझी दुसरी सही आईची आहे.